खारकेची खीर दर उन्हाळ्यात फुटते? आधी खारकेचं पाणी चाखून बघा

खीर आत्ता गॅसवर असेल आणि तिच्यात पांढरी कणी दिसायला लागली असेल, तर आधी गॅस बंद करा आणि डाव बाजूला ठेवा. वरून साखर नको, वाढीव दूध नको, सोडा तर नकोच. फुटलेलं दूध परत सांधत नाही. त्या पातेल्याचं काय करायचं ते शेवटी लिहिलंय, थेट तिकडे जा. बाकीच्यांनी सावकाश वाचा, कारण हा घोळ मला तीन उन्हाळे पुरला.

आमच्याकडे ही खीर मुद्दाम सामान आणून कधी झाली नाही. लग्नसराईत आईच्या ओट्या भरल्या जायच्या. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि एखाद-दुसरी खारीक. पूजेच्या विड्यावरच्या खारका वेगळ्या. या सगळ्या खारका पदरातून निघून एका पत्र्याच्या डब्यात पडायच्या. हळकुंडं आणि सुपाऱ्या पुढच्या ओटीत फिरायच्या, खारका मात्र साठत जायच्या. मे सरता सरता डबा भरला की एका दुपारी आई अडकित्ता घेऊन बसायची आणि चार वाजता खीर. खारीक फुकटची, दूध घरातलं, गूळ डब्यातला. आम्ही तिला दुपारची खीर म्हणायचो. काजू-बदाम तिच्यात कधी दिसले नाहीत आणि त्यांची आठवणही कोणाला झाली नाही.

पुढे मी पुण्यात स्वतःचा स्वयंपाक करायला लागलो आणि ही खीर करून बघितली. डिसेंबरात केली, उत्तम झाली. संक्रांतीला केली, उत्तम झाली. मे महिन्यात केली, फुटली. पुन्हा केली, पुन्हा फुटली. थंडीत परत छान. पुढच्या उन्हाळ्यात परत चोथा-पाणी. तेच पातेलं, तोच हात, तेच प्रमाण.

पहिला संशय अर्थातच दुधावर गेला. उन्हाळ्यात पिशवीचं दूध दुकानात पोचेपर्यंतच अर्धमेलं झालेलं असतं असं आपण सगळे धरून चालतो. त्यात तथ्य आहे, पण हे तपासणं अगदी सोपं आहे: दूध आधी नुसतं उकळा. ते आतून आंबायला लागलं असेल तर पहिल्याच उकळीत नासतं आणि तुमची खारीक वाचते. माझं दूध दर वेळी व्यवस्थित उकळत होतं, साय धरत होतं. त्यात खारीक पडली की पाच मिनिटांत घात. म्हणजे दूध निर्दोष. पिशवी बदलली, मग म्हशीचं सुटं दूध आणलं, पैसे जास्त गेले, खीर तशीच फुटली.

दुसरा संशय खारकेवर. कोणीतरी सांगितलं की खारकेतच दूध फाडण्याचा गुण असतो, म्हणून ती दुधात शिजवू नये, वरून घालावी. मला ते पटलंही. मग ईद आली. ३ मे २०२२, ऐन उन्हाळा. आम्ही मूळचे मिरजेचे. तिथे शेजारच्या चाचींकडून शीरखुर्म्याचा डबा आमच्याकडे वर्षानुवर्षं येतो. त्या वर्षी मी घरीच होतो आणि डबा उघडल्यावर नजर नेमकी खारकेच्या कापांवर गेली. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, फारसीतलं नावच सगळं सांगतं. मे महिन्याच्या उकाड्यात भलं मोठं पातेलंभर दूध, त्यात खारकेचे काप घालून तासभर आटवलेलं, आणि एक कणी नाही. खारकेत जर दूध फाडण्याचा गुण असता, तर ईदच्या सकाळी अर्ध्या मिरजेत पनीर तयार झालं असतं.

संध्याकाळी डबा परत द्यायला गेलो तेव्हा चाचींना विचारलंच. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, खारका भिजवायच्या, साल काढायची, बी काढायची, लांब काप करायचे, तुपात परतायचे आणि दुधात सोडायचे. यात फुटायचं काय?" मी विचारलं, भिजवलेल्या पाण्याचं काय करता? "काय करणार? ओतून देतो. मळकट पाणी ते."

मी ते पाणी ओतत नव्हतो. अजिबात नाही. उलट त्यात खारकेचा गोडवा उतरलेला असतो म्हणून ते सगळंच्या सगळं मिक्सरमध्ये घालून खारीक वाटत होतो. काटकसरीचा अभिमानही होता त्यात.

पुण्याला आल्यावर शनिवारी रात्री दहा वाजता खारका भिजत घातल्या आणि रविवारी दुपारी बाराला झाकण उघडलं. चौदा तास. पाण्यावर कडेकडेने बारीक बुडबुड्यांची रांग होती. वास गोडसर, पण त्या गोडाच्या मागे ताडीसारखं काहीतरी. एक चमचा तोंडात घातला. आधी गोड, मग जिभेच्या कडेला स्पष्ट आंबट. इतकी वर्षं हे पाणी मी दुधात ओतत होतो आणि एकदाही चाखलेलं नव्हतं.

मग चार स्टीलच्या वाट्या ओट्यावर मांडल्या. प्रत्येकीत तीन-तीन चमचे उकळतं दूध. पहिलीत धुऊन घेतलेल्या खारकेचा वाटलेला गर, एक चमचा. दुसरीत ते भिजवलेलं पाणी, एक चमचा. तिसरीत गुळाचं पाणी. चौथीत चुरडलेले चार बेदाणे. पहिली वाटी शेवटपर्यंत गुळगुळीत. दुसरीत मी चमचा फिरवतोय तोवर कडेला रवाळपणा आला आणि मिनिटाभरात निळसर पाणी वेगळं झालं. चौथीत बेदाण्यांच्या भोवतीच तेवढं दूध गोठल्यासारखं झालं. तिसरी, गुळाची, गंमतशीर निघाली: वाटीत काही झालं नाही, पण तीच वाटी कढल्यात ओतून उकळी आणली तेव्हा कणी पडली.

ही वाट्यांची परीक्षा तुमच्या घरी दहा मिनिटांत होते आणि दीड लिटर दूध वाचवते. खीर फुटण्याचं कारण घरोघरी वेगळं असू शकतं. माझ्याकडे खारकेचं पाणी पहिला गुन्हेगार आणि गूळ त्याचा साथीदार होता. तुमच्याकडे कदाचित एकटा गूळच असेल.

यामागचं कारण फार अवघड नाही. ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ६.६ ते ६.८ च्या आसपास असतो, म्हणजे आंबटपणा जवळपास नाहीच. त्यातली केसीन नावाची प्रथिनं दुधात तरंगत राहतात. आंबटपणा वाढून पीएच ४.६ पर्यंत उतरला की ती एकत्र येऊन गुठळी धरतात, मग दूध थंड असलं तरी. पण दूध जितकं गरम, तितका कमी आंबटपणा पुरतो. दह्यात आंबटपणा हळूहळू तयार होतो म्हणून रात्र जाते, पनीरला उकळत्या दुधात लिंबू पिळलं की दोन मिनिटं पुरतात. खिरीत आपण लिंबू पिळत नाही, पण खळखळत्या दुधात जरासं आंबलेलं पाणी ओतणं हे लिंबाचंच काम करतं.

आणि पाणी आंबतं ते कशामुळे? खारीक म्हणजे वाळवलेला खजूर, अशी आपली समजूत असते. तसं नाही. खजुराचं फळ पिवळं, टणक, अर्धकच्चं असतानाच उतरवतात, पाण्यात उकळतात आणि मग उन्हात वाळवतात. उकळल्यामुळे ते पुढे पिकत नाही, मऊ पडत नाही. वाळून कडक होतं. ओमानमध्ये मबसली जातीचा खजूर असा मोठमोठ्या तांब्याच्या काहिलींत पंधरा-वीस मिनिटं उकळतात. या सगळ्या खटाटोपाला तिथे तबसील म्हणतात आणि तो माल पूर्वापार मुख्यतः हिंदुस्थानाकडे येत आला आहे. सिंधमधल्या खैरपूरकडेही अशाच खारका होतात. उकळीनंतर मात्र ती उघड्यावर वाळते, पोत्यात भरली जाते, दहा हातांतून जाते. तिच्या सुरकुत्यांत धूळ असते आणि धुळीबरोबर आंबवणारे जीवही. त्यांना साखरेचं पाणी आणि पस्तीस अंशांचं स्वयंपाकघर मिळालं की झालं. थंडीत हेच चौदा तास काही बिघडवत नाहीत, म्हणून माझी डिसेंबरातली खीर पास आणि मेमधली नापास.

आईला फोन करून विचारलं की तू रात्री भिजवायचीस का. म्हणाली, "रात्री कुठे? रात्री माझं अंग उचलत नसे. सकाळी चहाच्या वेळी अडकित्त्याने कातरून ठेवायची आणि वर उकळतं पाणी ओतायची. दुपारपर्यंत मऊ." रात्रभर भिजवणं ही माझीच भर होती. कडधान्य भिजवतो तशी खारीकही भिजवायची, असं मी कधी ठरवून टाकलं ते मलाच आठवत नाही.

आता माझी पद्धत अशी. अर्धा किंवा पाऊण लिटर नव्हे, पुरत्या एक लिटर दुधाला पंधरा-सोळा खारका. प्रत्येक खारीक आधी फोडून बघायची, न फोडता एकही भिजत घालायची नाही. वरून धडधाकट दिसणाऱ्या खारकेच्या पोटात बीच्या खाचेत भुगा आणि मेलेले किडे निघतात, आणि अख्खी भिजवलेली असली की तो सगळा अर्क पाण्यात उतरलेला असतो. देठाकडची टोपी खुडायची, बी काढायची, दोन पाण्यांनी चोळून धुवायची. मग बुडेल इतकं उकळतं पाणी, वर झाकण, अडीच-तीन तास. वाटलंच की रात्री भिजवायला हवी, तर फ्रिजमध्ये ठेवा. ओट्यावर नको. मार्च ते जूनमध्ये तर नकोच.

भिजलेलं पाणी चाखायचं. गोड आणि स्वच्छ असेल तर त्यातलं थोडं वाटायला घ्या, जीव तुटत असेल तर सगळं घ्या. शंका आली तर चाचींचा मार्ग धरा आणि ओतून द्या. पाणी आंबट असेल तर खारकाही तशाच झालेल्या असतात. त्या पुन्हा धुवा, वाटीची परीक्षा घ्या आणि मगच दुधाजवळ न्या. वास चढलेला असेल तर सरळ टाकून द्या, खारका काही सोन्याच्या नाहीत. (फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के आयातशुल्क बसलं तेव्हा त्या सोन्याच्या वाटल्या होत्या, ते सोडा. ओटीत तेव्हा खारकेऐवजी दुसरी सुपारी आलेली मी स्वतः पाहिली आहे.)

दूध वेगळं उकळून मंद आचेवर पाऊण होईतो आटवायचं. एक मोठा चमचा तांदळाची पिठी अर्धी वाटी थंड दुधात कालवून त्यात सोडायची आणि ढवळत पाच मिनिटं शिजवायची. ही पिठी मी पूर्वी वगळायचो, कारण मला ती गरिबीतली युक्ती वाटायची: दूध कमी, म्हणून पिठीने दाट करणं. पण तिचं आणखी एक काम आहे. पिठी शिजून फुगली की ती प्रथिनांच्या मधे येते आणि त्यांना सहजासहजी गुठळी धरू देत नाही. पिठी लावलेली खीर थोडाफार आंबटपणा सोसते, नुसतं आटवलेलं दूध सोसत नाही. उपासाला करायची असेल तर वरीचं किंवा शिंगाड्याचं पीठ हेच काम करतं.

वाटलेली खारीक कढईत चमचाभर तुपावर परतून घ्यायची, ओलसरपणा जाऊन खमंग वास येईतो, आणि मग दुधात. उलटं नको, म्हणजे परतलेल्या खारकेवर दूध ओतू नका, एकदम थोडं दूध आणि खूप खारीक अशी गाठ पडते. दहा मिनिटं मंद शिजू द्यायची. तळाला लागू देऊ नका, खारकेचा गर जड असतो आणि सरळ बुडाशी जाऊन बसतो. जायफळ, वेलची.

आता गूळ. गुळाच्या खिरी फुटतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर घरात कोणीतरी एकदा तो उकळत्या दुधात टाकतंच. गूळ हा मुळात किंचित आंबट. उसाचा रस शिळा असेल तर जास्त, रस चांगला नितळून चुन्याने त्याचा आंबटपणा बेतात मारलेला असेल तर कमी. पावसाळ्यात पाझरलेला, डब्यात तळाशी चिकटून ओला झालेला गूळ तर हमखास दूध फाडतो, कारण तोही आतून आंबायला लागलेला असतो. तो पोळीबरोबर खा, खिरीत घालू नका. चांगला गूळ असला तरी चिरून, पाव वाटी पाण्यात वेगळा विरघळवायचा, गाळायचा (काडीकचरा बघून हादराल), आणि थंड होऊ द्यायचा. खीर गॅसवरून उतरवायची. त्यात स्वच्छ बोट दोन-तीन सेकंद ठेवता येईल इतकी निवली की हे गुळाचं पाणी बारीक धारेने घालत ढवळायचं. त्यानंतर ती खीर पुन्हा गॅसवर चढवायची नाही. पाहुणे उशिरा आले म्हणून नाही, फ्रिजमधून काढली म्हणून नाही. गरमच हवी असेल तर गूळ न घातलेली खीर गरम करा आणि गूळ वाढताना घाला. खारीक स्वतः इतकी गोड असते की लिटरभर दुधाला पन्नास-साठ ग्रॅम गूळ माझ्या जिभेला भरपूर होतो.

गुळाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घातला की खीर फुटत नाही, ही युक्ती खरी आहे. सोडा आंबटपणा मारतो. पण चिमूट म्हणजे खरोखरची चिमूट, त्यातलीही निम्मी. जास्त झाला की खिरीला साबणाची चव येते आणि रंग तपकिरी होतो. मी सोडा घालत नाही. ज्या गुळाला सोड्याचा टेकू लागतो, तो गूळ बदलावा असं माझं मत आहे. सगळा वैताग नको असेल तर साखर घाला, ती दुधाच्या वाटेला जात नाही. शीरखुर्मा निर्धास्त उकळतो त्यात साखरेचाही वाटा आहे. फक्त मग ती दुपारची खीर राहत नाही.

बेदाणे, मनुका घालणाऱ्यांसाठी: द्राक्षातला आंबटपणा वाळल्यावर कुठे जात नाही, उलट पाणी उडाल्याने एकवटतो. तुपात परतून टम्म फुगवा आणि वाटीत वाढल्यावर वरून घाला. तासगावचे हिरवे बेदाणे असोत की काळ्या मनुका, नियम एकच. जर्दाळूची खीर करून बघायची इच्छा झाली तर दुधात शिजवायच्या भानगडीतच पडू नका. हैदराबादेकडे खुबानी का मीठा करतात तो जर्दाळू पाण्यात शिजवून, घोटून, आणि मलई वरून, वाढताना. ते लोक वेडे नाहीत.

फुटण्याच्या खालोखाल तक्रार असते ती खारीक मऊच होत नाही, ही. तीन तास झाले, सहा तास झाले, तरी चामडं. यातही बहुतेक वेळा दोष क्रमाचा असतो. गूळ किंवा साखर घातलेल्या पाण्यात खारीक शिजवायला गेलात तर ती मऊ होत नाही, कारण गोड पाणी तिच्यात नीट शिरत नाही. आधी साध्या पाण्यात मऊ, मग गोड. बोअरचं जड पाणी हे दुसरं कारण. त्यातला चुना फळाचा गर घट्ट धरून ठेवतो, जसं त्याच पाण्यात तूरडाळ शिजत नाही. पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या. तरीही हटली नाही तर बी काढलेल्या खारका अर्धी वाटी पाण्यात कुकरला लावा, तीन शिट्ट्या. फार जुनी, वर्षभर डब्यात राहिलेली, काळपट पडलेली खारीक असेल तर पाच. ओटीतल्या खारका याच प्रकारच्या असतात, कारण त्या या घरातून त्या घरात किती फिरल्यात ते कोणालाच ठाऊक नसतं.

घशात अडकणारी साल आणि दोरे हा वेगळा त्रास. मिक्सर साल बारीक करतो पण नाहीशी करत नाही. कुकरमधून काढलेल्या खारका गरम असतानाच पुरणाच्या चाळणीवर घासा, साल वर राहते. पुरणयंत्र असेल तर फारच छान. हे केल्यावर खिरीचा पोत इतका बदलतो की मी आता साल ठेवतच नाही. आई ठेवायची. तिच्या खिरीत अडकित्त्याने केलेले वेडेवाकडे तुकडे दाताखाली यायचे, आणि खरं सांगायचं तर मला तेही आवडायचे.

कोरडी खारीक मिक्सरमध्ये घालून पूड करायला जाऊ नका, भांडं गरम होऊन तिचा चिकट गोळा होतो आणि एखादी बी राहिली असेल तर पातं जातं. विकतची पूड घेतलीत तर दोन चमचे पाण्यात कालवून दाताखाली धरून बघा. कचकच लागली तर ती लाडवांना ठेवा. जून-जुलैत हातगाडीवर पिवळीधमक, घोसाने लटकलेली ताजी कच्छी खारीक येते. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ती नुसती खायची, या खिरीशी तिचा संबंध नाही. मऊ काळा खजूर घातला तर चालतो, फुटण्याचे नियम तेच, पण चव जड होते.

कोकणात आणि गोव्यात नारळाच्या दुधात करणाऱ्यांना केसीनची धास्ती नाही, गूळ बिनधास्त शिजवता येतो. त्यांचं संकट निराळं: घट्ट रस उकळला की तेल सुटून तो फाटतो. खारीक आणि गूळ दुसऱ्या-तिसऱ्या पातळ रसात शिजवा, पहिला घट्ट रस शेवटी घाला आणि वाफ धरली की उतरवा.

आता ज्यांचं पातेलं फुटलेलंच आहे ते. दूध जुनं, वासाचं होतं म्हणून फुटलं असेल, किंवा खारकेच्या पाण्याला ताडीचा वास होता, तर टाकून द्या, त्यात शहाणपणा दाखवू नका. गुळामुळे किंवा किंचित आंबट पाण्यामुळे फुटलं असेल, वास चांगला असेल, तर ते खाण्याजोगं आहे. कणी नुकती पडली असेल तर गार झाल्यावर मिक्सरमधून फिरवा. दूध सांधत नाही, पण कणी इतकी बारीक होते की थंडगार वाढली तर कोणी विचारत नाही. पूर्ण चोथा-पाणी झालं असेल तर खिरीचा नाद सोडा. सगळं जाड बुडाच्या कढईत ओता, मोठ्या आचेवर पाणी आटवा, चोथा आणि खारीक एकजीव व्हायला लागली की आच कमी करून दोन चमचे तूप सोडा आणि सतत हलवा. आधी भसाभसा बुडबुडे येतात, मग ते जाड होऊन फटफट उडायला लागतात. हात सांभाळा, गूळ चटका देतो. गोळा कढईची कड सोडून मधे जमला की तूप लावलेल्या ताटात थापा, वर वाटीच्या बुडाने दाबा. कलाकंदासारख्या रवाळ वड्या पडतात. लिटरभर दुधात साधारण एक मध्यम ताट. कोमट असतानाच सुरीने रेघा मारून ठेवा, गार झाल्यावर तुकडे वाकडे पडतात. फ्रिजमध्ये तीन दिवस राहतात.